कूस बदलल्याची सही : अतिदक्षता विभागातल्या एका परिचारिकेचं प्रकरण

हे प्रकरण अतिदक्षता विभागात, म्हणजे आयसीयूत, काम करणाऱ्या एका परिचारिकेचं आहे. त्यात एकाहून जास्त सिस्टरांचे अनुभव एकत्र आले आहेत आणि ओळख पटेल असे सगळे तपशील बदलले आहेत. रुग्णालयांतल्या कर्मचाऱ्यांबरोबर समुपदेशक म्हणून काम करताना हेच चित्र थोड्याफार फरकाने पुन्हा पुन्हा समोर येतं, म्हणून ते नीट मांडून ठेवावंसं वाटलं.

सिस्टरचं वय पस्तिशीच्या आसपास. सोलापूर जिल्ह्यातल्या एका गावातून जीएनएम हा नर्सिंगचा डिप्लोमा करायला शहरात आली आणि इथेच राहिली. नवरा एमआयडीसीतल्या कंपनीत, त्याच्याही पाळ्याच. मुलगी तिसरीत, घरी सासूबाई. खासगी रुग्णालयाच्या दहा खाटांच्या आयसीयूत ती बारा वर्षं आहे. कुणाची शीर सापडत नसली की इतर वॉर्डांतूनही तिलाच बोलावणं यायचं. नव्या मुलींना तिने शिकवलं होतं. नातेवाईक घरी जाताना तिला शोधून, पाया पडून जायचे. हे आधी सांगायचं कारण असं, की 'हिला कामाची आवड उरली नाही' असा शेरा पुढे तिच्या फाइलमध्ये आला, आणि तो चुकीचा होता.

घटना

रात्रपाळी रात्री आठ ते सकाळी आठ. पहाटे चारच्या सुमाराला एका रुग्णाची नॉरअॅड्रेनॅलिनची सिरिंज संपत आली. हे औषध रक्तदाब धरून ठेवतं, त्यामुळे पंपावर दर अगदी मोजून टाकावा लागतो. दर होता ताशी अडीच मिली. तिने पंचवीस टाकला. अशी औषधं दोघींनी पडताळून पाहायचा नियम आहे, म्हणून ज्युनिअर सिस्टर शेजारी उभी होती. "ताई, पॉइंट राहिला," ती म्हणाली. पंप सुरू व्हायच्या आतच आकडा दुरुस्त झाला. रुग्णाला काहीही झालं नाही.

सिस्टरने स्वतःहून घटनेचा फॉर्म भरून इन्चार्ज सिस्टरकडे दिला. असे फॉर्म असतात ते यंत्रणेतली फट सापडावी म्हणून. दोन दिवसांनी तिच्या हातात मेमो पडला : कामात हलगर्जीपणा. पुढच्या रविवारी रुग्णालयाने सगळ्या सिस्टरांसाठी ताणमुक्तीची कार्यशाळा ठेवली. तिचा तो सुट्टीचा दिवस होता. हजेरी सक्तीची होती. त्यानंतर तिला माझ्याकडे पाठवलं गेलं.

पहिल्या भेटीत ती म्हणाली, "मॅडम, चूक झाली त्याचं वाईट वाटायला पाहिजे होतं ना? मला काहीच वाटलं नाही. मेमो वाचला, सही केली, घडी घालून पर्समध्ये ठेवला."

थोड्या वेळाने तिने आणखी एक गोष्ट सांगितली. ती ऐकल्यावर मेमोचं प्रकरण मला त्यापुढे किरकोळ वाटलं. दुचाकीच्या अपघातात सापडलेला एकोणीस वर्षांचा मुलगा तिच्याकडे होता. नवव्या दिवशी तो गेला. तिने नळ्या काढल्या, अंग पुसलं, चादर नीट केली, त्याच्या आईला आत आणलं, कागद पुरे केले. पाळी संपल्यावर कँटीनमध्ये जाऊन पोहे खाल्ले. खाता खाता लक्षात आलं, की त्याचं नाव आपल्याला आठवत नाही. 'चार नंबर' एवढंच आठवतंय. "आधी मी खाटेच्या नंबरने कधी बोलत नव्हते. आजोबा, काकू, दादा म्हणायचे. बेशुद्ध असले तरी सांगायचे, दादा, आता सुई टोचते हं."

घरी काय चाललंय ते तिने तुकड्या-तुकड्यांनी सांगितलं. पाळी संपल्यावर पार्किंगमध्ये स्कूटरवर बसून राहते, किल्ली लावायची इच्छा होत नाही. कुकरची शिट्टी झाली की दचकून उभी राहते. मुलगी वही दाखवायला आली की 'नंतर' म्हणते, आणि ते नंतर येत नाही. नवरा म्हणतो, "अगं, चार दिवस माहेरी जाऊन ये." सासूबाईंना वाटतं, सूनबाई रागावली आहे. राग नव्हता. बाहेरून कुणी आत यायला नको, इतकंच तिला हवं होतं.

तपासणी

असं कुणी समोर बसलं की लगेच 'बर्नआउट' (कामाच्या ताणाने आतून रितं होणं) म्हणून मोकळं होऊ नये, असं माझं ठाम मत आहे. थकव्याला शरीराची कारणंही असतात. फिजिशियनकडून तपासण्या करून घेतल्या. थायरॉइड ठीक निघालं, हिमोग्लोबिन मात्र बरंच कमी होतं. रात्रपाळीत डबा तसाच परत नेणाऱ्या सिस्टरांमध्ये हे नेहमी आढळतं. त्याचे उपचार लगेच सुरू झाले आणि थकव्याचा काही भाग त्यानेच कमी झाला.

दुसरा प्रश्न नैराश्याचा. जगणं नकोसं वाटतं का, जीव द्यावासा वाटतो का, हे मी सरळ विचारलं. असं विचारल्याने कुणाच्या डोक्यात तो विचार नव्याने शिरत नाही. उलट माणूस बोलता होतो. तसं काही नव्हतं. नवरात्रात ती गावी गेली होती तेव्हा दोन दिवस पोटभर झोपली, जावांबरोबर हसत-खिदळत कडाकण्या केल्या, मुलीला शेतात फिरवून आणलं. परतायच्या आदल्या संध्याकाळी पोटात कळा सुरू झाल्या. नैराश्य बहुतेक वेळा माणसाबरोबर गावालाही जातं, आनंदाच्या जागीही सोडत नाही. इथे त्रासाचा धागा सरळ कामाच्या जागेला बांधलेला होता. तरी दोन्हींची सीमा पुसट असते आणि दुर्लक्ष केलं तर एकातून दुसरं होऊ शकतं, म्हणून मानसोपचारतज्ज्ञांचं मत घेऊन ठेवलं. रात्री-बेरात्री बोलावंसं वाटलं तर १४४१६ हा टेली-मानसचा नंबर तिच्या फोनमध्ये भरून दिला. केंद्र सरकारची ही मोफत सेवा ऑक्टोबर २०२२ पासून चोवीस तास चालते आणि मराठीतही बोलता येतं.

१९७४ साली न्यूयॉर्कचे मानसतज्ज्ञ हर्बर्ट फ्रॉइडेनबर्गर यांनी मोफत दवाखान्यात झोकून देऊन काम करणाऱ्या स्वयंसेवकांत, आणि स्वतःतही, बर्नआउटची अवस्था पाहिली आणि तिच्यावर लेख लिहिला. पुढे कॅलिफोर्नियात क्रिस्टिना मॅस्लॅक आणि सुसान जॅक्सन यांनी १९८१ मध्ये ती मोजायची प्रश्नावली तयार केली. त्यांच्या मांडणीत तीन गोष्टी येतात. पहिली, भावना द्यायला आत काही शिल्लक न राहणं. दुसरी, ज्यांच्यासाठी काम करतो त्यांच्यापासून तुटणं, माणसाचा 'नंबर' होणं. तिसरी, आपल्या हातून काही धड होतंय यावरचा विश्वास जाणं. जागतिक आरोग्य संघटनेने रोगांच्या अकराव्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात हीच त्रिसूत्री घेतली. ते २०१९ मध्ये मंजूर झालं आणि १ जानेवारी २०२२ पासून लागू आहे. तिथे बर्नआउटला आजार म्हटलेलं नाही. कामाच्या ठिकाणचा दीर्घकाळचा ताण नीट हाताळला न गेल्याने उद्भवणारी, फक्त नोकरी-व्यवसायाच्या संदर्भातली अवस्था, अशी त्याची नोंद आहे. मला ही नोंद फार महत्त्वाची वाटते. कारण एकदा कामाची जागा व्याख्येतच आली, की सगळा उपचार एकट्या माणसावर करून हात झटकता येत नाहीत.

आत काय चाललं होतं

कामाचा बोजा होताच. कागदावर रात्रपाळीला पाच सिस्टर, प्रत्यक्षात तीन, कधी चार. म्हणजे एकेकीकडे तीन, क्वचित चार रुग्ण. इंडियन नर्सिंग कौन्सिलच्या निकषांत आयसीयूसाठी एका रुग्णामागे एक परिचारिका असं प्रमाण आहे. अमेरिकेत कॅलिफोर्निया राज्याने २००४ पासून कायद्याने मर्यादा घातली, आयसीयूत एका परिचारिकेकडे जास्तीत जास्त दोन रुग्ण. लिंडा एकेन आणि सहकाऱ्यांनी पेनसिल्व्हेनियातल्या १६८ रुग्णालयांचा अभ्यास २००२ मध्ये प्रसिद्ध केला. परिचारिकेमागे एक रुग्ण वाढला की रुग्ण महिनाभरात दगावण्याची शक्यता ७ टक्क्यांनी आणि परिचारिका बर्नआउट होण्याची शक्यता २३ टक्क्यांनी वाढलेली दिसली. हा अभ्यास शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांवरचा आहे, आपल्याकडचे आकडे वेगळे असतील. पण सिस्टरची दमछाक आणि रुग्णाचा जीव एकाच हिशेबात येतात, हे त्यातून स्पष्ट होतं.

करोनाच्या २०२१ च्या दुसऱ्या लाटेचंही तिच्यावर ओझं होतं. त्या एप्रिल-मेमध्ये शेवटचं बोलणं व्हावं म्हणून ती रुग्णांच्या चेहऱ्यासमोर फोन धरून उभी राहायची. लाट ओसरल्यावर काही जणी आखातात गेल्या, काही इंग्लंडला, काहींनी नर्सिंगच सोडलं. जागा रिकाम्याच राहिल्या. उरलेल्यांना सुट्टीच्या दिवशी सकाळी फोन यायचा, 'सिस्टर, येता का, कुणीच नाही.' सकाळच्या पाळीला ओव्हर देताना, म्हणजे रुग्ण सोपवताना, प्रत्येक पंपाचा दर, प्रत्येक नळीतलं पाणी, लघवीचा हिशेब सांगण्यात पाऊण तास जायचा. तो पगारात धरला जात नव्हता. पगाराचं म्हणाल, तर २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर नेमलेल्या समितीने खासगी रुग्णालयांतल्या परिचारिकांना अगदी ५० खाटांखालच्या ठिकाणीही किमान २० हजार रुपये मिळावेत अशी शिफारस केली. दोनशेहून जास्त खाटा असतील तिथे सरकारी वेतनाइतका पगार, असंही त्यात आहे. शिफारस आणि पगारपत्रक यांत अजून बरंच अंतर आहे.

पण एवढ्यावर थांबलो असतो तर मुख्य गोष्ट हुकली असती. सिस्टर मेहनतीला घाबरणारी नव्हती. तिला आतून काय पोखरत होतं, ते कळलं एका चार्टवरून.

आयसीयूतला रुग्ण स्वतःहून हलू शकत नाही. एकाच कुशीवर पडून राहिला की माकडहाडाशी, टाचांवर, खांद्यावर कातडी लाल होते, मग काळी पडते, फुटते. त्याला बेडसोर म्हणतात. तो होऊ नये म्हणून दर दोन तासांनी कूस बदलायची, पाठीला हात लावून पाहायचं, चादरीच्या सुरकुत्या काढायच्या, पायांत उशी द्यायची. व्हेंटिलेटरच्या रुग्णाला एकटीने वळवता येत नाही. नळी निसटली तर जिवावर बेततं. दोघी लागतात. तीन सिस्टर आणि दहा रुग्ण असताना रात्री बारानंतर हे नियमाने होतच नाही. एकाला सक्शन (नळीतला कफ ओढून काढणं), दुसऱ्याचा रक्तदाब घसरलेला, तिसरा नवीन दाखल होतोय. मात्र चार्टवर दर दोन तासांचा रकाना असतो, आणि तो रिकामा दिसला की सकाळी जाब विचारला जातो. म्हणून सगळ्याच जणी तो भरायच्या. १२ वाजता उजवी कूस. २ वाजता डावी. ४ वाजता पाठीवर. आणि पुढे सही.

"सुरुवातीला रात्रभर डोक्यात राहायचं, की पाच नंबरच्या आजींना वळवलं नाही. घरी जाऊनही झोप यायची नाही. मग हळूहळू मी बघायचंच बंद केलं. पाठ उघडून बघितली की लाल दिसते. लाल दिसली की सही करवत नाही."

हे वाक्य मी तिच्यासमोरच लिहून घेतलं. तिची माया आटली होती असं मला वाटत नाही. जी सेवा देता येत नव्हती तिच्यावर तिला रोज सही करावी लागत होती, आणि ती सही करता यावी म्हणून तिने बघणं बंद केलं होतं. दादाचा 'चार नंबर' झाला तो इथे. योग्य काय ते माणसाला ठाऊक असतं, पण संस्थेची रचना ते करू देत नाही, अशा वेळी होणाऱ्या यातनेकडे अँड्र्यू जेमटन यांनी १९८४ मध्ये परिचारिकांच्याच संदर्भात लक्ष वेधलं. तिला नैतिक क्लेश म्हणतात. झोप काढून शरीराचा शीण जातो. नैतिक क्लेश सुट्टीने जात नाही, कारण सुट्टी संपली की तोच रकाना समोर असतो. गावी जाऊन ती परतली आणि आठवडाभरात पहिल्यासारखी झाली, याचं कारण माझ्या मते हेच.

आयसीयूची आणखी एक अडचण आहे. रुग्ण सुधारला की वॉर्डात जातो, तिथून घरी. सिस्टरला दिसतात ते येतानाचे आणि गेलेले. चालत घरी गेलेला माणूस तिच्या वाट्याला येत नाही. बारा वर्षांत किती जणांना तिने वाचवलं असेल, पण हातून काही होत नाही असंच तिला वाटत होतं. ज्या फळाने तो विश्वास टिकतो ते तिच्या नजरेआड पिकत होतं.

काय केलं

तिच्याबरोबरचं काम साधं होतं. रात्रपाळीनंतर झोपायची खोली अंधारी ठेवणं, पाळीत डबा खाणं, लोहाच्या गोळ्या, सासूबाईंना एकदा बोलावून सगळं समजावून सांगणं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "मला वाटलं, माझ्यावर राग आहे." त्या मुलाच्या मृत्यूबद्दल ती दोन-तीन भेटींत बोलली. जुन्या रजिस्टरमधून तिने त्याचं नाव शोधून काढलं. कुणी सांगितलं नव्हतं.

रुग्णालयाशी बोलणी अवघड होती. मेट्रन मॅडम, म्हणजे परिचारिकांच्या प्रमुख, समजूतदार होत्या, पण त्यांचेही हात बांधलेले. मी एकच मागणी धरून ठेवली : कूस बदलण्याच्या चार्टवर 'झालं नाही' असं लिहायची मुभा द्या, शेजारी कारणाचा रकाना ठेवा, आणि त्यासाठी कुणालाही मेमो देऊ नका. ओळख कळणार नाही अशा पद्धतीने सिस्टरांचं म्हणणं त्यांच्यापुढे ठेवलं. व्यवस्थापनाकडून आधी नकार आला. कागदावर तसं दिसलं तर मानांकनाच्या तपासणीत अडचण येईल म्हणाले. खोटं भरलेलं उघडकीला आलं तर जास्त मोठी अडचण येईल, असं मेट्रन मॅडमनीच त्यांना सांगितलं. एका महिन्यापुरती परवानगी मिळाली.

पहिल्या काही रात्री कुणी खरं लिहायला धजावलं नाही. मग या सिस्टरनेच लिहिलं. 'रात्री २ – झालं नाही – दोघी नाहीत.' सकाळी कुणी ओरडलं नाही. दुसरीने लिहिलं. महिनाअखेर चार्ट एकत्र ठेवले तेव्हा एका नजरेत दिसलं : एकेकीकडे दोन रुग्ण असलेल्या रात्री बहुतेक रकाने भरलेले, तीन झाले की मध्यरात्रीनंतर रिकामे, आणि ज्यांना बेडसोर झाला ते रुग्ण त्याच रात्रींचे. व्यवस्थापनाशी तोपर्यंत सिस्टरांच्या भावनांबद्दल बोलणं चाललं होतं आणि ते पुढे सरकत नव्हतं. हे कागद समोर आल्यावर सरकलं. बेडसोर म्हणजे रुग्णाचा मुक्काम वाढतो, नातेवाईक तक्रार करतात, विमा कंपनी प्रश्न विचारते. सिस्टर मिळेपर्यंत दोन खाटा बंद ठेवायचं ठरलं. ओव्हरसाठी अर्धा तास दोन्ही पाळ्यांच्या वेळेत धरला गेला. सलग रात्रपाळ्यांवर मर्यादा आली, त्यानंतर दोन दिवस पूर्ण सुट्टी, आणि त्या दिवशी फोन करायचा नाही. मेमो फाइलमधून काढला.

आणखी दोन छोट्या गोष्टी सुरू झाल्या. अमेरिकेतल्या व्हर्जिनिया विद्यापीठाच्या रुग्णालयातले परिचारक जोनाथन बार्टेल्स यांनी एक रीत घालून दिली आहे : रुग्ण गेला की त्याच्याभोवती असलेल्या सगळ्यांनी थोडा वेळ गप्प उभं राहायचं. आपल्या सिस्टरांनी ती घेतली, फक्त आधी त्या माणसाचं नाव घेतात. दुसरी गोष्ट, वॉर्डातून घरी जाणारा रुग्ण जमेल तेव्हा आयसीयूच्या दारापर्यंत आणायचा. मावशी व्हीलचेअर ढकलत आणतात. बहुतेकांना तिथले दिवस आठवत नाहीत आणि समोरच्या सिस्टर ओळखूही येत नाहीत. सिस्टरांना मात्र ते ओळखू येतात.

आजची स्थिती

सिस्टरमधला बदल एका क्रमाने झाला. आधी झोप सुधारली, मग चिडचिड गेली, पार्किंगमधलं बसणं थांबलं. रुग्णाला हाक मारून बोलणं सगळ्यात उशिरा परतलं, आणि पूर्वीइतकं नाही. सहा-सात महिन्यांनी तिने स्वतः डायलिसिस विभागात बदली मागितली. तिथे तेच रुग्ण आठवड्यातून दोन-तीनदा येतात, कुणाच्या मुलीचं लग्न ठरलंय, कुणाच्या उसाला तोड आलीय, हे माहीत असतं. तिथे ती बरी आहे. आयसीयूने आपली सगळ्यात अनुभवी सिस्टर गमावली, हेही खरं, आणि या प्रकरणाला निर्भेळ यश म्हणायला मी त्यामुळेच तयार नाही. चार्टमध्ये खरं लिहायची सोय तिला पाच वर्षं आधी मिळाली असती तर ती कदाचित तिथेच राहिली असती.

पावसाळ्यात डेंग्यूचे रुग्ण वाढले तेव्हा बंद ठेवलेल्या दोन्ही खाटा पुन्हा उघडल्या. भरती झाल्या दोन नव्या मुली, नुकत्याच पास झालेल्या. रात्री पुन्हा एकेकीकडे तीन रुग्ण येऊ लागले आहेत. कारणाचा रकाना अजून चार्टवर आहे आणि तो भरला जातोय. या महिन्याचे चार्ट मेट्रन मॅडमनी व्यवस्थापनाकडे पाठवले आहेत, आणखी तीन जागांच्या मागणीसह.